आभाळाची नोंदवही

 

एप्रिल-मे महिन्यात गटाच्या बैठका आम्ही सकाळी लवकर उरकतो. दहा वाजले की ओट्यावर बसवत नाही. पदराने वारा घेत कुणीतरी हमखास म्हणतं, "ओझोनला भोक पडलं ना, म्हणून एवढं ऊन तापतंय." बाकीच्या माना डोलावतात. शाळेत जाणारी एखादी मुलगी म्हणते, हो, आमच्या पुस्तकात पण आहे. हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं, की आजचं बोलणं त्याच्यावरच करायचं आम्ही ठरवलं.

ओझोनचा थर विरला होता, हे खरं. तो माणसाच्या हातून विरला, हेही खरं. पण आपल्याकडचं ऊन त्यामुळे तापलं, हे खरं नाही. आणि तो थर आता हळूहळू भरून येतो आहे, ही गोष्ट तर फारशी कुणी सांगतच नाही. हे सगळं कळलं ते एका साध्या कामामुळे. काही लोकांनी वर्षानुवर्षं रोज आभाळ मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं. नोंदवहीचं मोल बचत गटाच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

ओझोन म्हणजे काय?

आपण श्वासात जो प्राणवायू घेतो, त्याचे दोन अणू जोडीने राहतात. तेच तीन अणू एकत्र आले की ओझोन होतो. वस्तू तीच, पण दोनाचे तीन झाले की स्वभाव बदलतो. ओझोनला उग्र वास असतो, आणि तो श्वासात गेला तर त्रास देतो. म्हणून त्याची जागा आपल्यापासून लांब, वर आभाळात आहे.

किती वर? आपल्या जवळचा साल्हेरचा किल्ला दीड किलोमीटरहून थोडा उंच. जगातलं सगळ्यात उंच शिखर एव्हरेस्ट, ते नऊ किलोमीटरच्या आत. मोठी विमानं दहा-बारा किलोमीटरवरून जातात. ओझोनचा मुख्य थर त्याच्याही वर, साधारण पंधरा ते पस्तीस किलोमीटरच्या पट्ट्यात. त्या भागाला शाळेच्या पुस्तकात स्थितांबर म्हणतात. पाऊस, ढग, वादळ हा आपला सगळा खेळ त्याच्या खालीच चालतो.

थर म्हटलं की डोळ्यापुढे जाडजूड गोधडी येते. पण तिथे ओझोन फार विरळ पसरलेला असतो. डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर आणून पसरला, तर त्याची जाडी भरेल जेमतेम तीन मिलिमीटर. एकावर एक ठेवलेली रुपयाची दोन नाणी, एवढीच.

एवढासा थर करतो काय? सूर्याकडून उजेड आणि ऊब येते, तसे अतिनील किरणही येतात. ते डोळ्याला दिसत नाहीत. त्यातले सगळ्यात घातक किरण वरच अडतात, आणि त्याच्या खालोखाल जे घातक आहेत, त्यांतले बरेचसे ओझोन अडवतो. ते सगळेच्या सगळे खाली आले, तर कातडीचे कॅन्सर वाढतील, मोतीबिंदू वाढतील, पिकांची वाढ खुंटेल, समुद्रातल्या बारीक जिवांना धोका होईल. जमिनीवर आज जे जीवन आहे, ते या दोन नाण्यांच्या जाडीच्या आडोशाने आहे.

न दिसणारं मोजायचं कसं?

वीस-पंचवीस किलोमीटर उंचावरची वस्तू, ती पण डोळ्याला न दिसणारी. ती मोजायची युक्ती इंग्लंडमधल्या गॉर्डन डॉबसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या काळात बसवली.

आपल्या भाषेत सांगतो. रवा आणि पीठ सारख्या मापाने मिसळून चाळणीवर घातलं, आणि खाली पीठ किती आलं, रवा किती आला हे पाहिलं, तर चाळणी न बघताही ती किती बारीक होती हे आपण सांगू शकतो. डॉबसनने हेच केलं. त्याने सूर्याच्या अतिनील किरणांतल्या दोन जाती निवडल्या. एक जात ओझोन फार अडवतो, दुसरी कमी. जमिनीवर दोन्ही किती पोहोचल्या ते मोजलं, की मध्ये ओझोन किती होता ते निघतं. आजही ओझोनचं माप त्याच्याच नावाने चालतं. शंभर डॉबसन एकक म्हणजे एक मिलिमीटर जाडी. भारतावर हा आकडा साधारण अडीचशे ते तीनशेच्या आसपास असतो.

डॉबसनला वेगवेगळ्या देशांतले आकडे हवे होते. १९२८ च्या सुमारास त्याची उपकरणं जगात ठिकठिकाणी गेली, त्यातलं एक आपल्या देशात, दक्षिणेत कोडाईकनालच्या वेधशाळेत आलं. म्हणजे भारतातली ओझोनची मोजणी स्वातंत्र्याच्याही आधीची आहे.

पुण्याच्या अण्णा मणी

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. तुमची मुलं-मुली शिकायला पुण्याला जातात. तिथे शिवाजीनगरला दगडी बांधणीची जुनी वेधशाळा आहे, तिला लोक सिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून तिथे आलं, म्हणून ते नाव. पुणे हे देशातल्या ओझोन मोजणीचं एक मोठं ठिकाण झालं, आणि त्यामागे ज्यांचे कष्ट आहेत त्यांचं नाव अण्णा मणी.

नाव ऐकून आपल्याला वाटेल, कुणी अण्णा असतील. पण त्या बाई होत्या. केरळातल्या पीरमेड गावी १९१८ साली त्यांचा जन्म झाला. त्यांच्या घरात आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या द्यायची पद्धत होती. त्यांनी कुड्या नको म्हणून सांगितलं आणि त्याऐवजी ज्ञानकोशाचे खंड मागून घेतले. पुढे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकं यांच्यावर संशोधन केलं, पाच शोधनिबंध लिहिले, प्रबंधही तयार केला. पण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, म्हणून पीएच.डी. मिळाली नाही. नावापुढे डॉक्टर लागलं नाही, काम मात्र थांबलं नाही.

१९४५ साली त्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या आणि हवामानाची उपकरणं कशी बनवतात ते शिकून आल्या. १९४८ साली पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या वेळी साधं तापमापक, पर्जन्यमापकसुद्धा आपण बाहेरून मागवत होतो. ती उपकरणं इथेच तयार व्हावीत म्हणून सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांच्या देखरेखीखाली पक्के झाले. माप चुकलं तर न मोजलेलं बरं, अशी त्यांची शिस्त होती. तराजूच खोटा असेल, तर वहीत कितीही सुंदर अक्षरात लिहा, काय उपयोग?

डॉबसनचं उपकरण एकूण ओझोन किती ते सांगतं. पण कुठल्या उंचीवर किती, हे जाणून घ्यायला फुगा वर सोडावा लागतो. त्या फुग्याला एक छोटी पेटी बांधतात. पेटीत एक रसायन असतं. ओझोन असलेली हवा त्यातून गेली की बारीकसा वीजप्रवाह तयार होतो, आणि तो आकडा रेडिओच्या लहरींवरून खाली कळत राहतो. फुगा वर जाता जाता फुगत जातो, तीसेक किलोमीटरवर फुटतो, आणि पेटी खाली येते. या पेटीला ओझोनसोंड म्हणतात. १९६० नंतरच्या काळात अण्णा मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बनावटीचा ओझोनसोंड तयार केला. स्वतःचा ओझोनसोंड असलेले देश तेव्हा जगात अगदी मोजके होते. पुण्याहून, दिल्लीहून, तिरुवनंतपुरमहून हे फुगे वर्षानुवर्षं सोडले गेले. अण्णा मणी जगाच्या ओझोन आयोगाच्याही सदस्य होत्या.

आणखी एक गोष्ट आपल्या अगदी जवळची. देशात कुठे किती ऊन पडतं आणि कुठे किती वारा वाहतो, याची मोजणी उभी करणाऱ्यांतही त्या होत्या. आपल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि शिवाजीनगरला सौर प्रकल्प उभा आहे. असले प्रकल्प उभे करायच्या आधी ऊन-वाऱ्याचे आकडे हातात लागतात. ते गोळा करायची वाट या बाईंनी घालून दिली. १९७६ साली त्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या आणि २००१ साली त्यांचं निधन झालं.

फ्रिजमधला गॅस आभाळात कसा गेला?

आता थर विरला कशाने, ते बघू. फ्रिज पहिल्यांदा निघाले तेव्हा त्यात अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू भरत. गळती झाली की माणसं दगावत. १९२८ साली अमेरिकेत नवे वायू तयार झाले, त्यांना थोडक्यात सीएफसी म्हणतात. वास नाही, पेट घेत नाहीत, विषारी नाहीत, स्वस्त आहेत. सगळ्यांना वाटलं, देवच पावला. मग ते फ्रिजमध्ये आले, एसीमध्ये आले, फवाऱ्याच्या डब्यांत आले, गाद्यांच्या फोममध्ये आले.

ते कशातच मिसळत नाहीत, कशानेच मरत नाहीत, हाच त्यांचा गुण होता. पुढे तोच अवगुण ठरला. पावसाने धुतले जात नाहीत, म्हणून पन्नास-शंभर वर्षं हवेत टिकतात आणि हळूहळू स्थितांबरापर्यंत पोहोचतात. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या अमेरिकेत काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की तिथे कडक अतिनील किरणांनी हे वायू फुटतात आणि त्यातून क्लोरीनचा अणू सुटा होतो. तो ओझोनमधला एक अणू ओढून घेतो, ओझोन मोडतो. मग तो ओढलेला अणू सोडून देतो आणि पुन्हा मोकळा होतो, पुढचा ओझोन मोडायला.

आपण भांडंभर दुधात चमचाभर विरजण घालतो. सगळ्या दुधाचं दही होतं, आणि विरजण काही संपत नाही. क्लोरीनचं तसंच. त्याचा एक अणू एक लाखाच्या आसपास ओझोनचे रेणू मोडू शकतो.

इथे कुणी विचारेल, ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते, त्यातही क्लोरीनच असतो, मग ते बंद करायचं का? अजिबात नाही. तो क्लोरीन पाण्यात विरघळतो, पावसाबरोबर खाली येतो, एवढ्या वर पोहोचत नाही. पाण्यात टीसीएल पडलीच पाहिजे.

दोघांचं म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं नाही. हे वायू बनवणारे कारखानदार म्हणाले, कागदावरचं गणित आहे, पुरावा दाखवा. दहा वर्षं वाद चालला.

वहीतून निघालेला पुरावा

पुरावा मिळाला जगाच्या पार दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाच्या बर्फात. तिथे हॅली बे नावाच्या ठिकाणी इंग्लंडचं एक केंद्र आहे. तिथली माणसं १९५७ पासून डॉबसनच्या उपकरणाने ओझोन मोजत होती. तेच काम, तीच वही, वर्षामागून वर्ष. यातून काय निघणार, असं कुणाला वाटलं असतं तर नवल नव्हतं. पण मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी त्या वह्यांतले आकडे छापले आणि जग हादरलं. तिकडच्या वसंतात, म्हणजे आपल्या ऑक्टोबर महिन्यात, पूर्वी तीनशेच्या आसपास असणारा आकडा दोनशेच्या आसपास आला होता. एक तृतीयांश ओझोन गायब.

त्या वेळी अमेरिकेचा उपग्रहसुद्धा वरून ओझोन मोजत होता. त्याच्याकडेही हे आकडे आले होते. पण इतका कमी आकडा असूच शकत नाही, म्हणून संगणकाने त्यांवर शंकेची खूण करून ठेवली होती. हॅली बेच्या माणसांकडे मात्र जुन्या वह्या होत्या. मागच्याशी पुढचं ताडून बघता आलं, म्हणून त्यांना बोलता आलं.

मग प्रश्न पडला, इतकं नुकसान अंटार्क्टिकावरच का? फ्रिज तर तिथे नाहीत. याचं उत्तर शोधण्यात पुढे होत्या सुसान सोलोमन. १९८६ साली ऐन तिशीत त्या अमेरिकेच्या शोधमोहिमेच्या प्रमुख म्हणून अंटार्क्टिकाला गेल्या. त्यांनी मांडलेलं कारण असं. तिथे हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नाही. वरच्या हवेत उणे ऐंशी अंशांच्या आसपास थंडी पडते आणि बर्फाळ ढग तयार होतात. एरवी क्लोरीन दुसऱ्या पदार्थांशी बांधलेला, गप्प बसलेला असतो. त्या ढगांतल्या बर्फाच्या कणांवर तो सुटतो. सप्टेंबरमध्ये सूर्य वर आला की कामाला लागतो आणि ओझोन फस्त करत सुटतो. १९८७ साली विमानांतून केलेल्या मोजणीत हेच दिसलं. जिथे मोकळा क्लोरीन वाढला, तिथे ओझोन घटला.

तर ते 'भोक' म्हणजे आरपार छिद्र नाही. जुनं लुगडं मध्येच विरतं, तसा तो भाग विरतो. मोठ्या वर्षांत हा विरलेला भाग आपल्या देशाच्या सात-आठ पट मोठा असतो. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत तो भरून येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा विरतो. भारताच्या मैत्री या तळावरूनही आपल्या हवामान खात्याने ओझोनचे फुगे सोडून ही मोजणी केली आहे. आणि ज्या मोहिमेत भारतीय बायका पहिल्यांदा अंटार्क्टिकाला गेल्या, त्या १९८३ च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर नागपूरच्या अदिती पंत होत्या.

मग आपलं ऊन कशाने तापतं?

आता बैठकीतल्या वाक्याकडे येऊ. खानदेशावर ओझोनला भोक नाही. ते पडायला जी थंडी लागते, ती आपल्या आभाळात नाही. शिवाय आपल्याला जी उष्णता लागते, ती अतिनील किरणांची नसते. ऊब येते ती उजेडातून आणि त्याच्या पलीकडच्या उष्ण किरणांतून, आणि ते ओझोन फारसे अडवत नाही.

पृथ्वी तापते आहे, त्याचं मोठं कारण वेगळं. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि तसलेच वायू उष्णता धरून ठेवतात. गोधडीची उपमा द्यायची तर ती इथे द्यावी. ओझोनचा थर विरणं आणि ही गोधडी जाड होणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. झाडं तुटली, गावात पत्रे आणि सिमेंट वाढलं, त्यानेही आपल्या गल्लीतली धग वाढते. ऊन का वाढलं याचा दोष आभाळातल्या भोकाला दिला, की खालची ही कारणं बाजूला राहतात. म्हणून हे नीट समजून घ्यायचं.

दोन्ही दुखण्यांचा एक धागा मात्र जुळतो. सीएफसी वायू ओझोन मोडत होते आणि कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पट जास्त उष्णताही धरत होते. त्यामुळे ते बंद केले, याचा फायदा दोन्हीकडे झाला.

सगळ्या जगाने एक ठराव पाळला

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरात देशांनी करार केला, की हे वायू टप्प्याटप्प्याने बंद करायचे. म्हणून १६ सप्टेंबर हा ओझोन दिन पाळतात. सुरुवातीला भारत त्यात नव्हता. आपलं म्हणणं सरळ होतं. वायू सोडले श्रीमंत देशांनी, आमच्या घरांत तर फ्रिज आत्ता कुठे येतो आहे, मग नव्या यंत्रांचा खर्च आम्ही एकट्याने का सोसायचा? भारत, चीन यांनी हे लावून धरलं. १९९० साली लंडनच्या बैठकीत गरीब देशांना मदत करणारा निधी ठरला, आणि १९९२ साली भारत करारात आला. ज्याने जास्त उचललं त्याने जास्त भरावं, हा गटातलाच न्याय.

भारताने १ ऑगस्ट २००८ पासून सीएफसी बनवणं बंद केलं, ठरलेल्या मुदतीच्या सुमारे दीड वर्ष आधी. दम्याच्या पंपासाठी तेवढी थोडी सवलत होती, पुढे त्यातूनही ते गेले. आज जगातले जवळजवळ सगळे देश या करारात आहेत, आणि बंदी घातलेल्या पदार्थांपैकी सुमारे ९९ टक्के वापरातून गेले आहेत.

ठराव झाला म्हणजे सगळे पाळतातच असं नाही, हे आपल्याला माहीत आहे. २०१८ साली हवाई बेटांवरच्या मोजणीतून लक्षात आलं, की सीएफसीची एक जात हवेतून जितकी कमी व्हायला हवी तितकी होत नाही. कुठेतरी चोरून कारखाने चालू होते. पुढच्या वर्षी त्यातल्या मोठ्या वाट्याचा माग पूर्व चीनपर्यंत लागला. कारवाई झाली आणि आकडे पुन्हा खाली आले. वही चालू होती, म्हणून चोरी सापडली.

शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की करार असाच पाळला गेला तर जगाच्या बहुतेक भागात ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. इतका वेळ लागतो, कारण जुने वायू अजून वर आहेत. आज जी मुलगी पहिलीत आहे, ती आजी व्हायच्या वयात हे दुखणं पूर्ण बरं झालेलं बघेल.

आपल्या घरात, आपल्या शेतात

आता आपल्या कामाच्या चार गोष्टी.

पहिली, फ्रिजची. नवा फ्रिज घेताना मागच्या पट्टीवर कुठला गॅस आहे ते वाचा. आर-६००ए असेल तर तो ओझोनला अपाय करत नाही आणि हवाही फारशी तापवत नाही. पण तो स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी दार-खिडक्या उघड्या ठेवा, जवळ चूल, दिवा, बिडी नको. गॅस भरायला शिकलेलाच मेकॅनिक बोलवा, आणि गळती शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. नाहीतर पैसे जातात आणि वायूही. फार जुना फ्रिज भंगारात देताना त्याची नळी घरी कापू नका, त्यात जुना वायू असू शकतो.

दुसरी, डोळ्यांची. भोक नसलं तरी आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो आणि उष्ण प्रदेशावरचा ओझोनचा थर मुळातच पातळ असतो. त्यामुळे उन्हाळ्यात भर दुपारी अतिनील किरण तीव्र असतात. वय, मधुमेह, चुलीचा धूर यांच्यासारखंच वर्षानुवर्षांचं ऊनही मोतीबिंदूला हातभार लावतं. अकरा ते तीन शेतातलं काम टाळता आलं तर टाळा. नाही जमलं तर डोळ्यांवर सावली पडेल असा पदर पुढे ओढा किंवा काठाची टोपी घाला. नजर धूसर झाली तर वयाचं म्हणून सोडून देऊ नका, सरकारी दवाखान्यात तपासून घ्या.

तिसरी, खालच्या ओझोनची. गाड्यांचा धूर, कचरा आणि पिकाचे धसकट जाळल्याचा धूर यांवर कडक ऊन पडलं, की जमिनीजवळही ओझोन तयार होतो. हा वरच्यासारखा उपयोगाचा नाही. त्याने दमेकऱ्यांना त्रास होतो आणि गव्हासारख्या पिकाचं उत्पन्न घटतं. धसकट जाळण्याऐवजी कुजवलं तर खत होतं आणि हवाही राहते.

चौथी, नोंदीची. ज्या गटांना जमेल त्यांनी गावचा पाऊस मोजून लिहायला सुरुवात करा. सरळ उभ्या कडांचं आणि सपाट तळाचं भांडं उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. रोज सकाळी एकाच वेळी आतलं पाणी मिलिमीटरच्या पट्टीने मोजा, लिहा, भांडं रिकामं करा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा, ओळ कोरी सोडू नका. सरकारचं हवामान केंद्र महसूल मंडळाला एक असतं, आणि आपल्याकडे तर एका डोंगराच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडं असं होतं. आपली वही विम्यासाठी सरकारी आकड्याच्या जागी चालत नाही. पण पेरणी कधी करायची, विहिरीला पाणी किती दिवस पुरेल, हे गटात बसून ठरवताना ती उपयोगी पडते. तीन-चार पावसाळे झाले की मागच्याशी ताडून बघता येतं.

शाळेत जाणाऱ्या मुलींना हे काम द्या. त्यांना अण्णा मणींची गोष्टही सांगा. आणि पुढच्या बैठकीत कुणी ओझोनच्या भोकाचं नाव घेतलं, तर तुम्हीच नीट समजावून सांगा.

पाऊस मोजायचं भांडं कुठलं घ्यावं, वहीत रकाने कसे पाडावेत, हे आम्ही गटाच्या बैठकीत दाखवूच. वह्या मृगाच्या आधी तयार ठेवा.